हाड जुळल्यानंतर

शहाजीराजांच्या जहागिरीमुळे मराठी माणसाला नावाने परिचित असलेले बंगळूर शहर आज वैद्यकाच्या बाबतीत दक्षिणेतील अग्रगण्य शहरांत गणले जाते. तेथील रस्त्यावर दुचाकीवरून पडून एखाद्याच्या मांडीचे हाड मोडले, तर त्यावर शस्त्रक्रिया होण्यास सहसा फार विलंब लागत नाही. अपघातग्रस्तांसाठी स्वतंत्र सरकारी संस्था आहे. मेंदू व मज्जारज्जू यांच्या दुखापतींसाठी निम्हान्ससारखी देशभर ख्याती पावलेली संस्था आहे. खासगी रुग्णालये तर ठिकठिकाणी आहेत. शल्यवैद्य तुटलेले हाड जागेवर आणतो, धातूची पट्टी आणि मळसूत्री खिळे बसवितो, टाके काढण्याची तारीख देतो आणि निरोपाच्या कागदावर शेवटची ओळ लिहितो: ‘फिजिओथेरपी चालू ठेवावी.’

शल्यवैद्याचे काम या ओळीपाशी संपते आणि रोग्याची खरी अडचण तेथूनच सुरू होते. कारण ती ओळ लिहिणे जितके सोपे, तितकीच ती पार पाडणे कठीण. सरकारी विभागात गेले तर रांग. खासगी ठिकाणी गेले तर सकाळ-संध्याकाळच्या सोयीच्या वेळा आधीच भरलेल्या. जी वेळ मिळते ती दहा-पंधरा दिवसांनंतरची. इकडे शरीर कोणासाठी थांबत नाही. सहा आठवडे प्लास्टरमध्ये राहिलेला कोपर प्लास्टर काढल्यावर आपोआप वाकत नाही. मांडीचा मोठा स्नायू वापराविना काही दिवसांतच बारीक होऊ लागतो. सांध्याभोवतीचे वेष्टण एकदा आखडले की जे काम प्रारंभी थोड्या श्रमाने झाले असते, त्याला पुढे महिने लागतात, आणि कित्येकदा ते पुरते साधतही नाही. मेंदूला मार बसून एक अंग लुळे पडलेल्या रोग्याच्या बाबतीत तर पहिले काही महिने विशेष मोलाचे असतात. नेमके तेच महिने वेळ मिळविण्याच्या खटपटीत जातात.

ही अडचण केवळ आजच्या गर्दीतून उद्भवलेली आहे असे समजणे बरोबर होणार नाही. ती या उपचाराच्या स्वरूपातच आहे. मोडलेल्या मांडीची शस्त्रक्रिया दोन-तीन तासांत होते आणि बहुधा एकदाच करावी लागते. भौतिकोपचार मात्र हाताने, एका वेळी एकाच माणसावर आणि पुनःपुन्हा करावयाचा असतो. थोडा हिशेबच मांडून पाहावा. एक फिजिओथेरपिस्ट दिवसाला 12 रोगी नीट पाहू शकतो असे धरले, तर आठवड्याच्या 6 दिवसांत त्याच्याजवळ 72 पाळ्या होतात. प्रत्येक रोगी आठवड्यातून तीनदा आला, तर 24 रोगी झाले. त्यांतील प्रत्येकाला तीन महिने लागले, तर वर्षाकाठी त्याच्या हातून अवघी 96 माणसे बरी होऊन जाणार. एखादा कामसू अस्थिशल्यज्ञ इतकी हाडे थोड्या आठवड्यांत जोडून मोकळा होतो. एका शल्यज्ञामागे किती उपचारक हवेत हे या हिशेबातून सहज कळते. परंतु रुग्णालये उभारणाऱ्यांनी हा हिशेब फार उशिरा मांडला. तसे का झाले, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावयास हवे.

चोळणे, शेकणे आणि आखडलेले अंग हळूहळू मोकळे करणे या गोष्टी आपल्याकडे नव्या नाहीत. बाळंतिणीला आणि तान्ह्या मुलाला तेल लावून न्हाऊमाखू घालणारी बाई घरोघर येत असे. तालमीत उतरलेला खांदा बसविणारा वस्ताद असे. गावोगाव हाडवैद होते, अजूनही आहेत. आंध्र प्रदेशातील पुत्तूर हे गाव तर हाडे बांधण्याच्या विद्येसाठी इतके प्रसिद्ध झाले की, ‘पुत्तूर कट्टु’ हे शब्द दक्षिणेतील अनेक शहरांत आणि बंगळूरच्याही गल्ल्यांत पाट्यांवर वाचावयास मिळतात. या मंडळींच्या हातून अनर्थही पुष्कळ झाले. फार घट्ट बांधलेल्या पट्टीखाली रक्त थांबून हात सडल्याची आणि हाड वेडेवाकडे जुळल्याची उदाहरणे प्रत्येक अस्थिशल्यज्ञाच्या अनुभवात असतात. पण एक गुण त्यांच्यापाशी निश्चित होता. ती माणसे जवळ राहत, आणि उद्या पुन्हा ये म्हणण्यास त्यांना कोणाची परवानगी लागत नसे.

युरोपात हीच विद्या शास्त्राच्या रूपाने पुढे आली. पेर हेन्रिक लिंग याने स्टॉकहोम येथे 1813 साली व्यायामविद्येची राजकीय संस्था स्थापन केली आणि उपचारासाठी करावयाच्या हालचालींना एक शिस्त लावून दिली. लंडनमध्ये 1894 साली परिचर्येच्या व्यवसायातील काही स्त्रियांनी मर्दन करणाऱ्या प्रशिक्षित स्त्रियांची संस्था काढली. त्या काळी मर्दनगृहांच्या नावाखाली चालणाऱ्या अनाचारांची वर्तमानपत्रांतून चर्चा होत होती आणि त्यामुळे प्रामाणिक काम करणाऱ्या स्त्रियांची अब्रू धोक्यात आली होती. तिच्या रक्षणासाठी या संस्थेने कडक नियम केले. डॉक्टरने सांगितल्यावाचून कोणावरही उपचार करावयाचा नाही, हा त्यांतील मुख्य नियम. लौकिक राखण्यासाठी केलेला हा नियम पुढे त्या व्यवसायाच्या अंगवळणी पडला, साम्राज्याबरोबर दूरवर पोहोचला, आणि चिठ्ठीवाचून उपचार नाही ही पद्धत आपल्याकडेही त्याच वाटेने आली. एका रांगेसाठी आधी दुसरी रांग लावावी लागते, तिच्या मुळाशी लंडनच्या काही परिचारिकांची ही न्याय्य भीती आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

बंगळूरचे सुप्रसिद्ध व्हिक्टोरिया रुग्णालय 1900 साली लॉर्ड कर्झनच्या हस्ते उघडले गेले. त्या काळातील अन्य रुग्णालयांप्रमाणे खाटा, शस्त्रक्रियागृह आणि औषधालय हीच त्याची मुख्य अंगे होती. ज्वर, पटकी, प्लेग यांच्याशी झुंजणाऱ्या काळात दुसरे काही अपेक्षिणेही योग्य नव्हे. पुढे शहराचा चेहरा पालटला. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1940 साली तेथे विमानांचा कारखाना काढला. स्वातंत्र्यानंतर दूरध्वनीयंत्रे, यांत्रिक हत्यारे आणि विद्युत्-उपकरणे यांचे मोठे सरकारी कारखाने आले. यंत्रांबरोबर यंत्रात सापडणारे हातही आले. त्यांची दखल कायद्याने घेतली होती, पण ती कशी घेतली हे पाहण्यासारखे आहे. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात कोणता अवयव गेला असता कमाईची शक्ती किती टक्के घटली, याचे कोष्टकच दिलेले होते. पुढच्या काळातील कोष्टकात अंगठा गेल्यास ती 30 टक्के धरलेली आहे. गेलेल्या बोटाचा भाव असा ठरला. पण आखडलेले बोट पुन्हा चालते करण्यास किती दिवस लागतील, आणि तेवढे दिवस उपचाराचा खर्च कोणी द्यावयाचा, याविषयी ते कोष्टक मुके होते. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने भरून द्यावा अशी स्पष्ट तरतूद त्या कायद्यात 2009 साली आली. मध्यंतरी 1948 च्या राज्य विमा कायद्याने विमा उतरलेल्या कामगारासाठी दवाखाने व रुग्णालये निघाली, हे खरे; परंतु कारखान्याबाहेरचा हमाल, गवंडी किंवा शेतमजूर त्या छत्राखाली आला नाही.

आधुनिक भौतिकोपचार या देशात प्रथम रुजला तो सैनिकांसाठी. पहिल्या महायुद्धात, 1917 साली, लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने मुंबईत अपंग सैनिकांसाठी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली आणि पुढे ती खडकीला गेली. तिचा भर धंदेशिक्षणावर होता. दुसऱ्या महायुद्धात, 1944 साली, पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र उभे राहिले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल येथे लुडविग गुटमन या डॉक्टरने मज्जारज्जू दुखावलेल्या सैनिकांसाठी विभाग सुरू केला. तोपर्यंत असे रोगी शय्याव्रणांनी आणि मूत्रमार्गाच्या विकारांनी थोड्याच अवधीत दगावत. गुटमनने त्यांना ठरावीक वेळाने कुशीवर वळविले, बसते केले, खेळावयास लावले. ही सारी व्यवस्था शक्य झाली, कारण सैनिक रुग्णालयातच राहत होता. त्याला रोज बसचे भाडे खर्चून यावयाचे नव्हते, की कामावरून रजा मागावयाची नव्हती.

नागरिकाला मात्र हे दार किती बंद होते, याची साक्ष फातमा इस्माईल यांच्या चरित्रात मिळते. स्वातंत्र्याच्या चळवळीत वावरलेल्या मुंबईच्या या बाईंच्या लहान मुलीला पोलिओ झाला. पाय लुळे पडले. ताप उतरल्यावर पुढे काय करावयाचे, हे सांगणारी व्यवस्था मुंबईसारख्या शहरात नव्हती. मुलीला घेऊन त्या मद्रासला डॉ. किणी या अस्थिशल्यज्ञांकडे गेल्या आणि उपचारासाठी कित्येक महिने तेथे राहिल्या. पुण्यात जखमी सैनिकांना व्यायामोपचार देणारे लष्करी केंद्र आहे असे कळताच त्यांनी आपल्या मुलीसाठी तेथेही प्रवेश मिळविला. सैनिकांच्या रांगेत एक लहान मुलगी बसली. एवढी वणवण ऐपतीच्या बळावर झाली, हे बाईंना स्वतःलाही उमगले असावे. कारण मुलगी चालू लागल्यावर त्या स्वस्थ बसल्या नाहीत. 1947 साली डॉ. बाळिगा यांच्या साहाय्याने चौपाटीवर त्यांनी पोलिओग्रस्त मुलांसाठी छोटे उपचारकेंद्र उघडले. अपंग मुलांच्या पुनर्वसनाची संस्था त्यातूनच वाढली आणि कालांतराने हाजी अली येथे मुलांचे अस्थिरोग रुग्णालय उभे राहिले. 1958 साली फातमा इस्माईल यांना पद्मश्री मिळाली. पदवीने डॉक्टर नसलेल्या एका आईने हे काम आरंभले, ही गोष्ट वैद्यकाच्या इतिहासात अधिक ठळकपणे लिहिली जावयास हवी होती.

पोलिओच्या साथीने जे निकडीचे केले, ते पुढे सरकारनेही उचलले. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात 1952-53 च्या सुमारास देशातील पहिली भौतिकोपचाराची शाळा सुरू झाली. 1955 साली हाजी अलीलाच भौतिक वैद्यक व पुनर्वसन यांची अखिल भारतीय संस्था निघाली. भारतीय फिजिओथेरपिस्टांची संघटनाही त्याच वर्षाची. म्हणजे मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पहिले पदवीधर डॉक्टर बाहेर पडल्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी या दुसऱ्या विद्येचा श्रीगणेशा झाला. शंभर वर्षांच्या या अंतराची छाया आजच्या रांगेवर पडली आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

बंगळूरपासून सुमारे दोनशे किलोमीटरवर असलेल्या वेल्लूरला याच सुमारास एक विलक्षण घटना घडली. तेथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील तरुण शल्यवैद्य डॉ. मेरी वर्गीस 1954 साली मोटार-अपघातात सापडल्या. चेहऱ्याला मार बसला, आणि मज्जारज्जू दुखावून कमरेखालचे अंग कायमचे लुळे झाले. ज्या रुग्णालयात शल्यक्रियेची उत्तम सोय होती, तेथे अशा रोग्याला स्वावलंबी करणारा विभाग नव्हता. डॉ. पॉल ब्रँड यांच्या प्रोत्साहनाने त्या चाकांच्या खुर्चीत बसून कुष्ठरोग्यांच्या वाकड्या झालेल्या बोटांवर शस्त्रक्रिया करू लागल्या. पण स्वतःला उपचार मिळावा म्हणून त्यांना ऑस्ट्रेलियात पर्थला जावे लागले. तेथून पुढे न्यूयॉर्कला डॉ. हॉवर्ड रस्क यांच्या हाताखाली त्यांनी पुनर्वसनाचे शास्त्र अभ्यासले. परत येऊन 1963 साली त्यांनी वेल्लूरला या विषयाच्या विभागाची धुरा घेतली आणि 1966 साली बागायम येथे पुनर्वसनसंस्था उघडली. एका मोठ्या रुग्णालयातील डॉक्टरलाच जेथे समुद्र ओलांडून जावे लागले, तेथे सामान्य रोग्याची काय कथा! डॉ. वर्गीस यांना 1972 साली पद्मश्री देण्यात आली.

वेल्लूरच्या पद्धतीत एक गोष्ट फार समंजस होती. रोग्याबरोबर त्याच्या घरचे माणूस राहावयाचे आणि त्याने सारे शिकून घ्यावयाचे. उचलावे कसे, कुशीवर वळवावे केव्हा, सांधे कोणत्या क्रमाने हलवावेत, त्वचेवर लाली दिसली तर काय करावे, या गोष्टी पत्नी, भाऊ किंवा आई शिकून घरी जाई. उपचारक थोडे आणि देश मोठा असताना उपचारकाचे हात वाढविण्याचा हाच एक मार्ग होता. परदेशातील गुळगुळीत फरशीवर जो रोगी चाकांच्या खुर्चीत फिरतो, त्याला येथे उंबरठा ओलांडावयाचा असतो, आणि तो उंबरठा घरच्या माणसाइतका कोणालाच ठाऊक नसतो.

मुरलीकांत पेटकर यांची हकिकत मराठी वाचकाला आता परिचित झाली आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ-इस्लामपूरचा हा तरुण लष्करात मुष्टियोद्धा म्हणून नावारूपाला येत होता. 1965 च्या युद्धात सियालकोट आघाडीवर त्यांना अनेक गोळ्या लागल्या. एक गोळी पाठीच्या कण्यापाशीच राहिली. लष्करी रुग्णालयात दीर्घकाळ उपचार झाले. पोहणे प्रथम आले ते उपचार म्हणून. लुळ्या पायांच्या माणसाला पाण्यात आपले वजन जाणवत नाही आणि हात-खांदे बळकट होतात. त्या उपचारातून जलतरणपटू घडला. 1972 साली हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर मुक्त शैलीत त्यांनी 37.33 सेकंदांची वेळ देऊन सुवर्णपदक जिंकले. या स्पर्धांत भारताला वैयक्तिक सुवर्ण मिळवून देणारे ते पहिले. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा पुष्कळांना त्यांचे नाव प्रथमच ऐकू आले. त्यांची जिद्द असामान्य, यात शंका नाही. तथापि हकिकत सांगताना एक धागा बहुधा सुटतो. पेटकरांना जलाशय, उपचारक आणि वेळ ही तिन्ही रोज मिळत होती. तेवढीच जिद्द असलेला एखादा गवंडी त्याच काळात पाडावरून पडला असता, तर त्याला यांपैकी काय मिळाले असते?

बंगळूरमध्ये हा प्रश्न विचारणारी माणसे वेळीच निघाली. एन. एस. हेमा यांनी 1959 साली काही सहकाऱ्यांसह अपंगांची संस्था स्थापन केली. त्या स्वतः पोलिओमुळे अपंग होत्या. कागदाच्या ओळीपलीकडे रोग्याचे काय होते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. 1974 साली जुने मनोरुग्णालय आणि मानसिक आरोग्याची अखिल भारतीय संस्था एकत्र येऊन निम्हान्सची उभारणी झाली, आणि मेंदू-मज्जारज्जूच्या रोग्यांच्या पुनर्वसनाचे काम तेथे पुढे विस्तारत गेले. 1978 च्या अल्मा-आटा परिषदेनंतर उपचार रुग्णालयाबाहेर, वस्तीत नेण्याचा विचार जगभर मान्य होऊ लागला. बंगळूरला 1994 साली निघालेल्या मोबिलिटी इंडिया या संस्थेने कृत्रिम अवयव बनविणारे आणि वस्तीत जाऊन काम करणारे कार्यकर्ते तयार करण्याचे व्रत घेतले. दरम्यान कर्नाटकात भौतिकोपचाराची महाविद्यालयेही पुष्कळ निघाली. विद्यार्थी तयार होतात, त्यांतील बरेच परदेशी किंवा खासगी व्यवसायाकडे वळतात, आणि सरकारी रुग्णालयातील पदे मात्र त्या वेगाने वाढत नाहीत. या व्यवसायाला केंद्रीय कायद्याचे अधिष्ठान लाभले ते 2021 साली, म्हणजे 1955 च्या संघटनेनंतर 66 वर्षांनी.

तेवढ्या काळात शहर मात्र कोणासाठी थांबले नाही. कारखान्यांचे बंगळूर संगणकांचे झाले. दुचाक्या लाखांनी वाढल्या. आणि पूर्वी यंत्रात सापडणाऱ्या हातांच्या जोडीला रस्त्यावर मोडणारे पाय आले. शल्यक्रिया इतकी सुधारली की पूर्वी जे दगावले असते ते वाचू लागले, आणि वाचलेला प्रत्येक जण तीच शेवटची ओळ हातात घेऊन रांगेत उभा राहिला. आता उपचारक घरी येतात, दूरध्वनीच्या पडद्यावर व्यायाम दाखवितात. ज्याला परवडते त्याची सोय होते. पडद्यावरून पाहणाऱ्याला कोपर किती अंश वाकतो हे दिसते, परंतु वाकविताना तो कोठे अडतो हे हाताखेरीज कळत नाही.

म्हणून पुष्कळ घरांत आजही जुनीच रीत चालते. पहिल्या दोन-चार पाळ्यांना रोग्याबरोबर घरचे माणूस जाते, उपचारक काय करतो ते लक्षपूर्वक पाहते, वहीत आकृत्या काढून घेते. मग मधल्या दिवशी जेवणाच्या मेजावर टॉवेलची गुंडाळी ठेवून तिच्यावर कोपर टेकवावयाचा, आणि पत्नीने किंवा मुलाने मोजत जावयाचे: वाकव, थांब, सोड. ज्या दिवशी खरी पाळी असते, त्या दिवशी कुबड्या सांभाळत रिक्षात चढावयाचे असते. पाळी सकाळी आठची असेल, तर बंगळूरच्या रहदारीत घरून सातलाच निघावे लागते.